अर्धा राहुरीत, अर्धा मायोर्कात

मी फेटा बोलतोय. राहुरीजवळच्या मळ्यात राहणाऱ्या मच्छिंद्ररावांचा गुलाबी फेटा. दुकानातून घरी आलो तेव्हा चांगला नऊ वार लांब होतो, आता निम्माच उरलोय. पण डोळ्यांत पाणी आणून ऐकावी अशी ती गोष्ट नाही. उलट दुसऱ्या कुठल्या फेट्याला क्वचितच मिळाला असेल असा एक दिवस मला मिळाला, तोच सांगायला बसलोय.

संगमनेरच्या एका हातमागावर माझा जन्म झाला. विणणाऱ्याला खोकला झाला होता, म्हणून एका टोकाला माझे चार धागे जरा सैल पडले. नगरच्या रंगाऱ्याने मला गुलाबी पाण्यात बुचकळलं आणि ते सैल धागेही झाकून गेले. मग राहुरीच्या बाजारात एका दुकानाच्या फळीवर मी घडी होऊन पडलो. दुकानदार पांढरे फेटे दाखवत होता, पण राहीबाईंनी बोट माझ्याकडे केलं.

"पांढरा नगं," त्या म्हणाल्या. "गर्दीत मानूस लांबून वळखू आला पायजे."

मच्छिंद्रराव त्यांचे यजमान. वय पन्नाशीचं, अंगाने धिप्पाड, बोलणं कमी. मोसंबीची बाग आणि थोडा ऊस. बैलाचा पाय मुरगळला की आसपासच्या वस्त्यांवरून लोक त्यांना बोलवायला येत. थोरली लेक मनकर्णा हिच्या लग्नात मी पहिल्यांदा त्यांच्या डोक्यावर चढलो. तिथून मला माणसांच्या सवयी कळू लागल्या. साहेबासमोर बोलायची वेळ आली की माणूस आधी फेटा चाचपतो. रागावला की मागे सारतो. खोटं बोलायचं असलं की उगाच काढून झटकतो. मच्छिंद्ररावांनी मला फारसं झटकलं नाही.

१९७१ साली आमच्या भागातल्या ऊसवाल्यांची युरोपची सहल ठरली. तिकडचे साखर कारखाने पाहायचे, शेती पाहायची आणि शेवटी स्पेनच्या मायोर्का नावाच्या बेटावर संत्र्यांच्या बागा पाहून परतायचं. सोळा शेतकरी आणि इंग्रजीचं मराठी करून सांगायला दत्तोपंत. दत्तोपंत हे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी सगळ्यांना एकत्र बसवून सूचना दिल्या. त्यातली सातवी माझ्या काळजात घुसली.

"फेटे, पटके कृपया घरी ठेवावेत. तिकडे हॅट घालतात."

मच्छिंद्ररावांनी मुकाट्याने नगरला जाऊन एक करडी हॅट आणली. राहीबाईंनी मला नीट घडी घातली आणि खांद्याच्या पिशवीत चिवड्याच्या डब्याखाली दडपलं. "उशाला घ्या मंग," एवढंच म्हणाल्या. त्यामुळे विमानात, आगगाडीत, हॉटेलात मी उशी होतो. पंधरा दिवस युरोप फिरलो आणि मच्छिंद्ररावांच्या कानाखेरीज काही पाहिलं नाही.

बेटावरचा दुसरा दिवस रविवार होता. बागा बंद. म्हणून दत्तोपंतांनी एका सहल कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांच्या जागा धरल्या. एका दिवसात बेटावरची तीन जुनी गावं दाखवायची, बरोबर वाटाड्या. बसमध्ये वीसेक जर्मन आणि इंग्रज पाहुणे होते, आमचे सोळा होते आणि पुढच्या बाकावर वही घेऊन बसलेला एक टकला साहेब होता. वाटाडी होती एक बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. नाव कातालीना. आसारामला, म्हणजे मच्छिंद्ररावांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या गाववाल्याला, ते नाव दोनदा म्हणूनही जमेना. त्याने मागचं ठेवलं, पुढचं सोडलं.

"लीनाबाई म्हना. सरळ हाय."

त्या दिवसापुरती ती लीनाबाई झाली.

दत्तोपंतांनी तिच्याकडून माहिती काढली आणि हळू आवाजात सांगितली. "हिची आज परीक्षा आहे. तो टकला कंपनीचा साहेब. आजची सहल नीट पार पडली तर नोकरी पक्की, नाहीतर उद्यापासून घरी."

पहिलं गाव अल्कुदिया. मी अजून पिशवीतच, त्यामुळे बाहेर निघेपर्यंतचं सगळं ऐकीव सांगतोय. भोवती दगडी तट, तटाला भक्कम दरवाजे. लीनाबाई बुटकी होती. हातात काठीला लावलेला कागदी झेंडा होता, पण उंच जर्मनांच्या मागे तो कोणाला दिसेना. निम्मे लोक एका गल्लीत, निम्मे दुसऱ्या. साहेबाने वहीत काहीतरी लिहिलं. लीनाबाई पाच मिनिटं भराभर बोलली की दत्तोपंत आमच्या लोकांना सांगत, "फार जुना तट आहे." आणखी पाच मिनिटं बोलली की, "दरवाजाही फार जुना आहे."

तटावर चढलो आणि समुद्राकडून वारा सुटला. करडी हॅट उडाली, दोन कोलांट्या खाऊन पलीकडच्या घरांच्या कौलांवर जाऊन पडली. मच्छिंद्रराव क्षणभर डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. त्यांना उघड्या डोक्याने चारचौघांत वावरायची सवय नव्हती. त्यांनी दत्तोपंतांकडे पाहिलं, पिशवीत हात घातला आणि मला बाहेर काढलं. आरशाशिवाय, वाऱ्यात, एक टोक दातांत धरून त्यांनी मला बांधलं. पंधरा दिवसांनी मी उजेड पाहिला! खाली निळा समुद्र आणि समोर तोंडं वासून बघणारे वीस गोरे.

लीनाबाई धावतच आली. दत्तोपंतांना वाटलं, आता तक्रार. पण ती म्हणत होती, या गृहस्थांनी दिवसभर माझ्या शेजारीच चालावं.

"का?" दत्तोपंतांनी विचारलं.

तिने माझ्याकडे बोट केलं आणि कागदी झेंडा पर्समध्ये टाकला.

मग काय विचारता! पुढे लीनाबाई, तिच्या बाजूला मच्छिंद्रराव, वर मी. गल्ली कितीही वळली तरी सगळे गुलाबी रंग बघून मागे येत. एक जर्मन म्हातारी तर गर्दीत चुकली की "रोझा! रोझा!" म्हणत माझ्या दिशेने यायची; रोझा म्हणजे त्यांच्यात गुलाबी. दत्तोपंत हॅट घालून शेवटी चालत होते.

दुसरं गाव पोयेन्सा. तिथे टेकडीवरच्या देवळाकडे जाणारा दगडी जिना आहे, दोन्ही बाजूंनी सरळसोट हिरवी झाडं. पायऱ्या वर्षाच्या दिवसांइतक्या, असं लीनाबाईने सांगितलं. आसारामने मोजल्या, तीनशे बासष्ट भरल्या, आणि तीन पायऱ्या कुठे गेल्या यावरून त्याने दत्तोपंतांचं डोकं खाल्लं. वरून सगळं गाव दिसलं. सगळे खूष होते. साहेबसुद्धा एकदा हसला.

उतरताना लीनाबाई मागे वळून बोलत होती. तिचा पाय एका झिजलेल्या पायरीवरून घसरला आणि ती खाली बसली. उठायला गेली, पुन्हा बसली. घोटा बघता बघता सुजला.

साहेबाने घड्याळ पाहिलं आणि वही मिटली. दत्तोपंतांनी त्याचं बोलणं सांगितलं. "तो म्हणतो, तिसरं गाव रद्द. बस परत न्यायची. हिचं काम इथे संपलं." लीनाबाई त्याला काहीतरी विनवत होती. त्याने मान हलवली.

मच्छिंद्रराव तिच्यासमोर पायरीवर बसले. "पंत, बाईला इचारा, पाय बघू का?"

"मच्छिंद्रराव, ती बैल नाही."

"पाय पायच असतोय, पंत. पोर आमच्या मनकर्णाएवढी हाय. इचारा तर."

पंतांनी विचारलं. तिने मान डोलावली. मच्छिंद्ररावांनी घोटा दाबून पाहिला. हाड शाबूत होतं. मग त्यांनी मला डोक्यावरून उतरवलं. मला वाटलं, गुंडाळतील आणि सोडतील. पण नऊ वार कापड एका घोट्याला कुठलं लागतंय! त्यांनी माझ्या मधोमध दात लावला आणि थांबले. मला त्यांच्या बोटांतून कळलं, त्यांना राहीबाई आठवल्या. त्यांनी एकदा डोळे मिटले, आणि टर्रकन आवाज झाला.

दुखलं. खोटं कशाला सांगू? पण माझाच निम्मा भाग त्या पायाभोवती घट्ट बसत गेला, तशी लीनाबाईच्या कपाळावरची आठी मोडली. ते मी मच्छिंद्ररावांच्या मांडीवर पडून पाहिलं, तेव्हा दुखणं थोडं मागे पडलं.

उरलेला मी पुन्हा डोक्यावर चढलो, आखूड आणि तिरका. मच्छिंद्रराव साहेबापुढे उभे राहिले आणि साहेबाशी थेट मराठीत बोलले.

"सायेब, पाय मुरगाळलाय, जीभ न्हाई. आमाला तिसरं गाव बघायचंय."

दत्तोपंतांनी घसा खाकरला. भाषांतर करावं की न करावं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग त्यांनी ते केलं, शब्दाला शब्द. ती जर्मन म्हातारी टाळ्या वाजवू लागली. बाकीच्यांनीही सूर धरला. साहेबाने खांदे उडवले आणि बसकडे बोट केलं. मच्छिंद्रराव आणि आसाराम यांनी हाताला हात धरून खुर्ची केली आणि लीनाबाईला खाली नेलं.

तिसरं गाव सिनेव. बस गावाबाहेर थांबली, आत गल्ल्या अरुंद. कोपऱ्यावर एक म्हातारा हातगाडीवर संत्री घेऊन बसला होता. मच्छिंद्ररावांनी एक संत्रं उचललं, साल दाबली, हुंगली आणि नाक मुरडलं.

"पानी जास्त दिलंय," ते म्हणाले आणि हाताने पाट सोडल्याची खूण केली.

म्हातारा आधी रागावला. मग त्याने आभाळाकडे बोट केलं, पाऊस पडल्याची खूण केली आणि हसत सुटला. दोघंही मग आपापल्या भाषेत बराच वेळ बोलले. काय बोलले ते त्यांनाच ठाऊक, पण मच्छिंद्ररावांनी लीनाबाईच्या पट्टीकडे बोट केलं तशी म्हाताऱ्याने सगळी संत्री ओट्यावर ओतली आणि गाडी आमच्या ताब्यात दिली. पिशवीतली चादर अंथरून तीवर लीनाबाई बसली. मच्छिंद्रराव गाडी ढकलू लागले.

चौकातल्या देवळापर्यंत सगळं छान चाललं. तिथे मात्र तिने तोंड उघडलं आणि शब्दच येईनात. पाठ केलेलं सगळं कुठे गेलं कोण जाणे. एक मिनिट गेलं, दोन गेली. पाहुणे इकडेतिकडे बघू लागले. साहेबाने वही उघडली.

मच्छिंद्ररावांच्या कपाळाचा घाम मी टिपत होतो. त्यांची नजर चौकात फिरली आणि एका जुन्या आडावर थांबली. काठाच्या दगडाला दोराचे खोल वळ पडले होते.

"पंत, इचारा तिला. हितलं पानी कोन शेंदायचं?"

पंतांनी विचारलं. लीनाबाईने आडाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "माझी आजी."

सिनेव हे तिच्या आईचं माहेर होतं. मग ती जे बोलू लागली ते तिने पाठ केलेलं नव्हतं. आजी पहाटे उठून या आडावर यायची. दुष्काळाच्या एका वर्षी सगळ्या गावाने रांग लावून इथे पाणी भरलं. देवळाची घंटा चढवायला बायकांनीही दोर ओढला. ती बोलत होती आणि दत्तोपंत त्या दिवसात पहिल्यांदाच प्रत्येक वाक्य सांगत होते. हॅट त्यांनी केव्हाच काखेत मारली होती. "ऐका, ऐका," म्हणत ते आमच्या लोकांना पुढे ओढत होते. दुष्काळ म्हटल्यावर आमचे सोळाही जण आडाच्या काठाशी सरकले. कोणाला सांगावं लागलं नाही.

परत हॉटेलशी बस थांबली तेव्हा साहेब लीनाबाईशी चार शब्द बोलला आणि निघून गेला. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"काय म्हनला वो?" आसाराम घाबरला.

दत्तोपंत चष्मा पुसत म्हणाले, "म्हणाला, पाय बरा झाला की कामावर ये."

ती पट्टी सोडून परत द्यायला लागली, तेव्हा मच्छिंद्ररावांनी तिचा हात धरला. "असू दे. बापानं दिलं म्हनावं." माझा तो निम्मा भाग तिथेच राहिला. सैल धाग्यांचं टोक माझ्याकडे आलं.

घरी मच्छिंद्ररावांनी मला राहीबाईंसमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं, एकदाही न झटकता. राहीबाईंनी फाटलेली कड बोटाने चाचपली. मग सुई-दोरा घेतला आणि कड दुमडून शिवली. "आता डोईला पुरायचा न्हाई तुमच्या," त्या म्हणाल्या. "मला ऱ्हाऊ द्या."

तेव्हापासून मी राहीबाईंचा. पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. मोसंबीची बाग वाळली. मच्छिंद्ररावांनी झाडं स्वतः तोडली. मग दोघंही रस्त्याच्या दुष्काळी कामावर जाऊ लागले. राहीबाई उन्हासाठी मला पदरावरून डोक्याला गुंडाळतात आणि खडी फोडतात. माझा गुलाबी रंग आता मातकट झालाय. धुवायला पाणी कुठे आहे?

पण दुपारी भाकरी खाऊन झाली की बाभळीखाली बायका राहीबाईंभोवती बसतात. कडूबाई म्हणते, "राहीबाई, ते समिंद्रातलं गाव सांग."

आणि राहीबाई सांगतात. त्या मायोर्काला कधी गेल्या नाहीत, मुंबईसुद्धा त्यांनी पाहिली नाही. पण तटावरचा वारा त्या असा सांगतात की बायका पदर धरतात. पायऱ्या त्यांच्या गोष्टीत हजार असतात. साहेबाला त्यांनी मोठ्या मिशा दिल्या आहेत. लीनाबाईला त्या कधी रडवत नाहीत. आडापाशी आल्या की मात्र आवाज खाली येतो, आणि मुकादमही दोन पावलं जवळ सरकतो.

मी तिथे होतो. काय खरं, काय पदरचं, मला ठाऊक आहे. पण मी मध्ये बोलत नाही. त्यांची गोष्ट माझ्यापेक्षा चांगली आहे.

तुम्ही त्या बाजूने गेलात आणि नव्या रस्त्याच्या कडेला बाभळीखाली दहा-पंधरा बायका हसताना दिसल्या, तर थोडं थांबा. मातकट कापड डोक्याला बांधलेल्या बाई तुम्हाला बसायला जागा करून देतील. मुकादमाची शिट्टी वाजेपर्यंत तीनही गावं पाहून होतात.