ऑलिव्हच्या बरणीवरचा दगड

ऑगस्ट लागला की समुद्रकाठच्या लोरिन्या गावात, सुट्टीला घरी येणाऱ्यांच्या, फ्रान्सच्या नंबरांच्या गाड्या दिसू लागतात आणि अबिलियो म्हाताऱ्याला हुरूप चढतो. वर्षभर रखडलेली कामं तो आठवड्यात उरकतो. दाराला रंग देतो, खुर्चीला खिळे ठोकतो, कोंबड्यांनासुद्धा दटावतो. फ्रान्समधून लेक ओंदिना यायची असते ना! खरं सांगायचं तर लेकीचं निमित्त. म्हातारा डोळे लावून बसतो ते नातीसाठी, नोएमीसाठी.

यंदा मात्र माशी शिंकली. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ओंदिना सार्डिन मासे धुता धुता म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी नोएमी बहुतेक यायची नाही. मैत्रिणींबरोबर शिबिराला जायचं म्हणतेय. मोठी झाली आता, इथं करमत नाही तिला."

"करमत नाही? अगं, समुद्र आहे की!"

"समुद्र काय, दर वर्षी तोच असतो."

अबिलियोने सार्डिनवर रागाने मूठभर मीठ जास्तच फेकलं आणि तो अंगणात जाऊन बसला.

बसल्या बसल्या त्याला एक गोष्ट आठवली. या गावातलं प्रत्येक पोर समुद्रकाठच्या कड्याखालून चालताना खाली बघत चालतं. कधी तरी आपल्यालाही डायनासोरचं हाड सापडेल, ही आशा इथं आईच्या दुधाबरोबरच मिळते. नोएमीनेही कितीतरी उन्हाळे शोधलं. तिला शिंपले सापडले, एकदा कुणाची तरी चप्पल सापडली, हाड काही सापडलं नाही. यंदा सापडेल, अबिलियोने ठरवलं.

हाडासारखं काही मिळवणं या गावात अवघड नाही. मळ्यातून निघालेले चमत्कारिक दगड घरोघर राबत असतात. कुणाचा दार अडवून ठेवतो, कुणाच्या दगडावर कोंबडी बसते. दगडाचं कूळ कुणी विचारत नाही. अबिलियोच्या स्वयंपाकघरात त्याच्या दिवंगत बायकोची, फेलिस्मिनाची, खारवलेल्या ऑलिव्हची बरणी होती. ऑलिव्ह पाण्याखाली राहावीत म्हणून तिने त्यांच्यावर एक तपकिरी, मध्ये बारीक आणि दोन्हीकडे फुगीर असा दगड ठेवला होता. पोरीला फसवायला एवढं पुरे, असं त्याला वाटलं. त्याने दगड साबणाने घासला, उन्हात वाळवला, त्याच्या जागी एक थाळी ठेवली आणि दगड पिशवीत टाकून निघाला.

शेजारीण झुल्मिरा फाटकातच उभी. तिने पिशवीत डोकावलं. "काय रे अबिलियो, समुद्रावर दगड घेऊन चाललास? तिथं कमी पडले होय?"

"तुझ्या डोक्यात घालायला वेगळा लागतो."

कड्याच्या पायथ्याशी, भरतीचं पाणी पोचणार नाही अशा जागी, त्याने दगड अर्धा मातीत पुरला आणि घरी येऊन नातीला फिरायला काढलं. तिथं पोचल्यावर त्याने जे नाटक केलं, ते बघून कुणीही कपाळावर हात मारला असता. "त्या बाजूला नको हं जाऊ! तिकडे काय असणार? काही नाही!"

नोएमी तिकडेच गेली. गुडघ्यांवर बसून तिने माती उकरली, दगड उचलून तोंडाजवळ नेला. मग आजोबांकडे बघून अशी किंचाळली की कड्यावरचे पक्षी उडाले. "आजोबा! हाड! खरंखुरं हाड!"

तिने त्याला घट्ट मिठी मारली. अबिलियोला इतका आनंद झाला की आपण लबाडी केली हेही तो विसरला.

पण पोरगी हटूनच बसली. दगड संग्रहालयात न्यायचा म्हणजे न्यायचा. "घरीच ठेवू गं, शोभेला," असं त्याने परोपरीने सांगून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

संग्रहालयातल्या इझौराबाईंनी दगड उलटसुलट केला, भिंग लावलं आणि त्या उठून उभ्याच राहिल्या. "मणका आहे. शेपटीचा. कड्याखाली नेमका कुठं सापडला? एक आहे तिथं बाकीचेही असतील. उद्या आमची मुलं दोर बांधून कड्यावर उतरतील."

खरंच हाड? आणि तो ठिसूळ कडा, त्यावर लोंबकळणारी कुणाची तरी मुलं! त्याने नोएमीकडे पाहिलं. आता बोललो तर ही पुन्हा या गावात पाऊल ठेवायची नाही, हे त्याला कळत होतं.

"बाई," तो खाली मान घालून म्हणाला, "कड्यात काही नाही. तो मीच पुरला होता. घरातला आहे."

"माहितीये," नोएमी म्हणाली. "लसणाचा आणि ओरेगानोचा वास येतोय त्याला. आजोबा, त्या बरणीत हात घालूनच मी मोठी झालेय!"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती खूश होतात! आणि मला तो इथं आणायचाच होता. पण तुम्ही त्या बरणीला कुणाला हात लावू देत होतात का?"

इझौराबाईंनी दगड हुंगला आणि त्या खो खो हसत सुटल्या. "बरणीत आला कुठून पण?"

इतकी वर्षं संसार केला, पण हे बायकोला विचारायचं अबिलियोला कधी सुचलंच नव्हतं.

"द्राक्षांच्या मळ्यामागे, विहिरीजवळच्या अंजिराखाली," नोएमी म्हणाली. "आजीने मला दाखवलीय जागा. हे मोठ्या जनावराचं हाड आहे, म्हणायची. पण आजोबांना सांगू नकोस, ते हसतील."

हसलो असतो, अबिलियोला वाटलं. नक्की हसलो असतो. फेलिस्मिनाच्या आठवणीने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याने ते लपवलंही नाही.

अंजिराखालची खोदाई पुढच्या उन्हाळ्यात करू, असं ठरलं. परतताना दोघं किनाऱ्यावरून चालली. चाचरत अबिलियोने विचारलं, "पुढच्या वर्षी तुझं ते शिबिर..."

"शिबिर काय, तिथं नुसती पोहायचीत सगळी. संग्रहालयाच्या लोकांना ते अंजिराचं झाड दाखवणार कोण? तुम्ही?" ती वाकली आणि वाळूतून एक गुळगुळीत गोटा उचलून तिने त्याच्या पिशवीत टाकला. "हा घ्या, ऑलिव्हवर ठेवायला. साधाच आहे. आणि पुन्हा पुरू नका, मी तशीही येणारच आहे."