भांडेकऱ्याची चिठ्ठी

१७ मार्च २०२४, रविवार, सकाळचे नऊ. वॉर्डाच्या मंडपात चांदीच्या भांड्यात अडतीस चिठ्ठ्या होत्या आणि त्यांतून चार निघायच्या होत्या. काढणारा हात दॉ न्युन्त यी या विधवेचा होता.

भांडेही तिच्याच घरचे, पण वर्षापुरते. भिक्षूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपला की विहाराच्या उत्सवात घराघरांच्या नावांच्या चिठ्ठ्या त्यात पडत, आणि ज्या घराची पहिली निघे त्या घरी थोरले भिक्षू, सयाडो, अन्न घ्यायला येत. भांडे मग वर्षभर त्या घरी राही. पुढची सोडत त्या घरच्या बाईने काढायची. मात्र तिची स्वतःची चिठ्ठी आत पडायची नाही. पुण्य एकदा पदरात पडल्यावर पुन्हा हात पसरणे हा हावरेपणा, असे इरावतीकाठची ती वस्ती मानत असे. गेल्या ऑक्टोबरात सयाडो दॉ न्युन्त यीच्या हातच्या मासळीच्या रश्श्यातल्या शेवया खाऊन गेले होते.

आठवड्यापूर्वी वॉर्डप्रमुख ऊ चॉ तेइन भांडे मागायला आला, तेव्हा त्याने मुरवलेल्या चहापत्तीची पुडी आणली होती. लग्नाचे बोलावणे करताना देतात तशी.

"सक्तीची भरती म्हणू नका हं, मावशी. वरून शब्द आलाय, आमंत्रण. पोरांना देशसेवेचं आमंत्रण."

"आमंत्रणाला नाही म्हणता येतं ना?"

"तुमच्या शेवयांपेक्षा तुमची जीभ तिखट!" तो हसला. "पण सोडत तुम्हीच काढा. तुमच्या हातावर साऱ्यांचा विश्वास आहे."

तिचा मुलगा ये नाउंग बावीस वर्षांचा होता. होड्यांची इंजिने दुरुस्त करी. त्या संध्याकाळी तो हात पुसत म्हणाला, "अमे, गुरुवारी मिठाचा ट्रक सरहद्दीकडे निघतोय. ड्रायव्हर मला गोण्यांमागे बसवायला तयार आहे."

"आणि वाटेतल्या चौक्या? पकडलं तर थेट आघाडीवर धाडतात. भांडं आपल्या फळीवर आहे, बाळा. भांडेकऱ्याची चिठ्ठी पडत नाही."

"ऊ चॉ तेइनना विचारलंस?"

"विचारायचं काय? याच गल्लीत वाढलाय तो."

विचारणे म्हणजे स्वतःसाठी मागणे झाले असते, आणि ते तिच्या जिभेवर येईना. गुरुवारी ट्रक गेला.

मंडपात तिने पहिली चिठ्ठी वाचली.  म्हातारे ऊ बा खिन उत्सवाच्या सवयीने "साधु, साधु" म्हणाले, तेव्हा सुनेने त्यांना कोपराने ढोसले. "गप्प बसा, मामंजी! भिक्षूंचं बोलावणं नाही हे." दुसरी निघाली. तिसरीला मागच्या रांगेतली एक बाई मटकन खाली बसली.

चौथी उघडल्यावर तिला वाटले, हा दुसरा कोणी ये नाउंग असेल. मग खाली बापाचे नाव दिसले. नदीने नेलेल्या तिच्या नवऱ्याचे.

चिठ्ठी अजून तिच्या तळव्यात होती. दुसरे एखादे नाव उच्चारून तोंडात टाकली असती, तर क्षणभर कोणाच्या ध्यानात आले नसते. समोर शेजारणी तिच्या ओठांकडे टक लावून होत्या. त्यांतल्या कोणाचा मुलगा घ्यायचा? तिने होते तेच वाचले.

शेवटची चिठ्ठी झाली होती. इतका वेळ कोंडलेले श्वास एकदम सुटले आणि त्यांच्याबरोबर, कोणाच्या मनात नसताना, साऱ्या मंडपातून उमटले: "साधु, साधु, साधु."

ती ऊ चॉ तेइनजवळ गेली. "भांडेकऱ्याची चिठ्ठी पडत नाही."

त्याने मागे उभ्या असलेल्या दोन शिपायांकडे पाहिले. "तो भिक्षूंच्या उत्सवातला नियम, मावशी. इथे भिक्षू कुठायत?" मग आवाज चढवून, त्यांना ऐकू जाईल असा, तो म्हणाला, "अभिनंदन! वरून असंच म्हणायला सांगितलंय."

पावसाळ्यात ये नाउंगचा एकच निरोप आला, की त्यांची तुकडी उत्तरेला हलवताहेत. पुढे काही आले नाही. ऑक्टोबरात तिने भांडे घासून लख्ख केले आणि उत्सवाची सोडत काढली. तिची चिठ्ठी, रिवाजाप्रमाणे, त्यात नव्हती. त्याच महिन्यात शिरगणती करणारे दारी आले. घरात माणसे किती, असे त्यांनी विचारले.

"एक."