प्रेतराजाच्या आधी दुसरं गाव

डायलिसिसच्या खुर्चीत बसलं की बोग्नाचा डावा हात यंत्राचा आणि उजवा तिचा, अशी वाटणी गेली तीन वर्षं चालत आली होती. उजव्या हाताशी माउस, मांडीवर लॅपटॉप आणि पडद्यावर राज्यांचा खेळ. बिडगोश्च शहराच्या पाणीखात्यात ती अर्धा दिवस नोकरी करायची, आठवड्यातून तीन दुपारी इथे यायची आणि रक्त धुऊन निघेपर्यंत पडद्यावरच्या रानात गावं वसवायची.

हिवाळा सरता सरता शेजारच्या खुर्चीवर झेनोन कुबियाक आले. जन्मभर ट्राम चालवून निवृत्त झालेले, अंगाने थोराड. पण मूत्रपिंडांनी हात टेकलेले आणि हृदयही त्याच वाटेवर. पहिले काही दिवस ते छताकडे बघत पडून राहिले. मग त्यांची मान हळूहळू तिच्या पडद्याकडे वळू लागली.

“कोण जिंकतंय, बोग्नाबाई?”

“अजून कोणीच नाही. काळा झेंडा प्रेतराजाचा, हिरवा वनलोकांचा. दोघांच्या बाजूने कंप्युटर खेळतो. सगळ्यात अवघड पातळी आहे, म्हणून त्यांना सुरुवातीलाच जास्तीची माणसं फुकट मिळतात.”

“म्हणजे लबाडी.”

“लबाडीच. पण अक्कल बेताची. घाबरून आधी तट बांधतात, शिपाई पोसतात. मी देऊळ नाही, तट नाही, काही नाही. गाव थोडं भरू देते, मग जंगल तोडते, त्या लाकडावर वसाहतीच्या गाड्या लवकर तयार होतात. त्या पाठवते थेट प्रेतराजाच्या वाटेवर, नदीकाठी. एकदा नदी धरली की त्याला वाढायला जागाच राहत नाही.”

झेनोन बघत राहिले. दुपार कलेपर्यंत तिची पाच गावं झाली, प्रेतराजाची तीनच. बोग्नाने एकदा आकडे पाहिले आणि खेळ पुसून टाकला.

“अहो, बंद का केलंत?”

“झालं की. पुढे गेले मी.”

“जिंकलात कुठे?”

“इथून पुढे जिंकणारच. मग नुसती हमाली. रस्ते करा, धान्य पुरवा, कुठे दंगा झाला तर मिटवा. कोण करत बसेल?”

“आणि गावातली माणसं?”

“ती माणसं नाहीत हो, झेनोनराव. आकडे आहेत.”

म्हाताऱ्याला हे काही पटलं नाही. पुढच्या आठवड्यात नातीचा जुना लॅपटॉप बगलेत मारून ते हजर झाले. नर्स हलिना त्यांच्या हातात सुई टोचता टोचता म्हणाली, “आता एक नाही, दोन राजे सांभाळायचे मी.”

शिष्य म्हणून झेनोन फार वाईट निघाले. पहिल्या गावातून माणसं बाहेर पाठवायला त्यांचं मन होईना. “नुकते कुठे बसलेत बिचारे,” ते म्हणत, आणि त्यांच्यासाठी देवळाचा पाया खणत. तोवर वनलोक नदी धरून मोकळे. मग एखाद्या दिवशी प्रेतराजाची फौज यायची आणि देवळासकट सगळं गाव बेचिराख करायची.

“सांगितलं होतं ना, आधी दुसरं गाव,” बोग्ना थकल्या आवाजात म्हणायची. यंत्र लागल्यावर तासाभरात तिचा रक्तदाब उतरे, पोटऱ्यांत गोळे येत, आणि त्यात हा शिकवणीचा ताप.

“तुम्ही मास्तरीण म्हणून वाईट आहात.”

“आणि तुम्ही रुळावरची माणसं. रूळ नसला की पुढे सरकतच नाही.”

झेनोनना हसू आलं, मग खोकला.

याग्नाचा फोन बहुधा याच वेळी यायचा. याग्ना बोग्नाची धाकटी बहीण, तोरुनला राहणारी. तिने आपलं मूत्रपिंड द्यायची तयारी दाखवली होती, तपासण्याही झाल्या होत्या, सगळं जुळत होतं. अडलं होतं ते बोग्नाच्या होकारावर.

“ताई, डॉक्टर परत विचारत होते.”

“या महिन्यात ऑफिसात फार काम आहे गं.”

“मागच्या महिन्यातही होतं.”

“बघू. ठेवते, नर्स आलीय.”

नर्स आलेली नसे. झेनोनना हे दिसत असे, पण ते पडद्यावरची नजर काढत नसत. त्यांचं स्वतःचं नाव हृदयामुळे मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीत कधी चढलंच नव्हतं, हे बोग्नाला हलिनाकडून कळलं होतं. तेव्हापासून त्यांच्यासमोर फोन घ्यायचा म्हटलं की तिला चोरट्यासारखं व्हायचं.

वसंतात एका शनिवारी झेनोननी प्रेतराजाला मागे टाकलं. देऊळ न बांधता, जंगल तोडून, कुरकुरत का होईना, पण त्यांनी आधी चार गावं वसवली. काळा झेंडा नदीपल्याड अडकून पडला.

“जमलं,” बोग्ना म्हणाली. “आता नवा डाव लावा.”

“का म्हणून? आत्ता कुठे देवळाला सवड मिळालीय.”

आणि ते खेळत राहिले. आठवडे गेले. गावं शहरं झाली, शहरांत रोगराई आली, एका शहराने कर नाकारला. झेनोन पायरी पायरीने सगळं निस्तरत होते. कधी कधी जांभई देत, “कंटाळवाणं आहे खरं,” असं कबूलही करत. पण डाव काही पुसत नव्हते.

जूनमधल्या एका उकाड्याच्या दुपारी माउस हातात धरूनच त्यांना झोप लागली. बोग्नाचा डाव नुकताच पुसून झाला होता. तिने हात लांबवून त्यांचा लॅपटॉप हळूच आपल्याकडे ओढला. नकाशा बघवेना इतका अस्ताव्यस्त होता. ती रस्ते जोडत गेली, धान्य फिरवत गेली, उत्तरेकडची एक राई तोडून तिने धरण बांधलं. काम सरत नव्हतं, आणि तरी तिला ते सोडवेना.

“माझी राई कुठे गेली?”

झेनोन जागे झाले होते.

“धरण बांधलं. धान्य दुप्पट येईल आता.”

“मागितलं होतं मी धान्य? ती राई मुद्दाम ठेवली होती.”

“कशासाठी? तिचा उपयोग काय?”

“दिसायला बरी होती.” त्यांचा चेहरा लाल झाला होता. “तुम्हाला पुढे जायची तेवढी विद्या येते, बोग्नाबाई. पुढे गेल्यावर राहायचं कसं, ते येत नाही. आणि आलात माझं घर आवरायला.”

हलिनाने दारातून डोकावून पाहिलं आणि ती परत गेली. बोग्नाने माउसवरचा हात काढला. यंत्र आपलं घरघरत होतं.

“मला भीती वाटते,” शेवटी ती म्हणाली. “इथलं सगळं मला ठाऊक आहे. कधी गोळे येतील, कधी झोप येईल, सगळं. तिकडे नवं मूत्रपिंड, जन्मभर गोळ्या. आणि दहा वर्षांनी तेही निकामी झालं तर? मी परत इथेच, आणि याग्नाचं एक गेलं ते गेलंच.”

“होऊ शकतं तसं,” झेनोन म्हणाले.

“तुम्ही तरी धीर द्याल असं वाटलं होतं.”

“कुठून आणू? मला तर कोणी विचारलंच नाही.” त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला. राग अजून उतरला नव्हता. “तुम्हाला ती दर आठवड्याला विचारते. निदान नाही तरी म्हणा पोरीला. लटकवून ठेवू नका.”

त्या संध्याकाळी हाताला पट्टी बांधलेली बोग्ना ट्रामच्या थांब्यावर बसली. दोन ट्राम आल्या, गेल्या. ‘नाही’ म्हणण्यासाठी तिने फोन लावला. याग्नाने उचलला तेव्हा मागे किटलीची शिटी चालली होती, ती पोराला ओरडत होती, आणि धापा टाकत म्हणाली, “बोल ताई, ऑफिसातलं काम उरकलं का?” त्या आवाजात टोमणा नव्हता, नुसता थकवा होता. बोग्नाइतकाच.

“तारीख घे,” बोग्ना म्हणाली.

शस्त्रक्रिया सप्टेंबरात झाली. मूत्रपिंडाने चौथ्या दिवशी नीट काम सुरू केलं. तोवर डॉक्टरांचे चेहरे वाचून वाचून बोग्ना अर्धी झाली होती. याग्ना तिच्या आधी उठून चालायला लागली आणि पोट धरून, वाकून, रोज तिच्या खाटेपाशी येऊन बसू लागली. एकदा याग्ना म्हणाली, “सूप अळणी आहे गं तुझं.” बोग्ना म्हणाली, “मला मीठ चालत नाही अजून.” आणि याग्नाने सूप तसंच संपवलं.

घरी आल्यावर गोळ्यांनी हात थरथरायचे, तोंड सुजायचं, जिना चढताना मधेच बसावं लागायचं. बरं वाटणं म्हणजे हेच का, असं तिला पुष्कळदा वाटे. थंडीच्या सुरुवातीला झेनोनचा फोन आला. आवाज खोल गेला होता.

“प्रेतराजाने काल नदी ओलांडली. दोन शहरं गेली.”

“मग? नवा डाव लावताय?”

“छे. दोन उरलीत की.” ते दम घ्यायला थांबले. “तुम्हाला वेळ असेल तर सांगा, आधी काय वाचवू?”

बोग्ना खिडकीशी बसली. पाठीला उशी घेतली. “नकाशा सांगा,” ती म्हणाली, “वरून सुरू करा. सावकाश.”