मेलेल्यांच्या लोकातली बाई

परागच्या हातून असा वेंधळेपणा सहसा होत नसे. सोनागिरीतल्या त्याच्या घरी दर रविवारी मित्र पासे टाकायला जमत आणि त्यांच्या खेळासाठी तो नवनवे लोक, म्हणजे काल्पनिक जगं, रची; तो वर्णन वाची आणि खेळणारे नकाशावर सोंगटी हलवत त्यातून फिरत. एकात समुद्र उलटा टांगलेला, दुसऱ्यात माणसं आगीची. कारखान्यातली नोकरी त्यापुढे त्याला अळणी वाटे. नवा लोक मित्रांपुढे मांडण्याआधी त्याची तेरा वर्षांची लेक जुई त्यातून एकदा फिरून येई. खोट काढण्यात ती आईवर गेली होती. आई, म्हणजे रसिका, गेल्या वर्षी वारली.

या खेपेला त्यानं मेलेल्यांचा लोक रचला होता. नियम दोनच. तिथली माणसं बोलत नाहीत, आणि जिवंत माणूस तिथं एकदा बसला की कायमचा तिथलाच झाला.

"पुढे ओट्याशी एक बाई आहे," पराग वाचत होता. "एका पायावर भार देऊन उभी. पदराला हात पुसतेय..."

आणि ती ओळ त्यानं मनात पुन्हा वाचली. उभं राहायची ती तऱ्हा रसिकाची होती. लिहिताना या शहाण्याच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

जुईनं मान वर केली नाही. "मी बसते तिच्याजवळ."

"नियम ऐकलास ना? बसलीस की संपलं."

"मालूम है. तरी बसते."

पराग घाबरला. खेळातली सोंगटी मेली तर दुसरी घेता येते, त्याचं एवढं काही नाही. पण पोरीचा आवाज खेळातला नव्हता.

"का गं?"

"आपण बाहेरगावी निघालो की आई हातावर दही घालायची. जाणारा सुखरूप परत यावा म्हणून." जुई सोंगटी बोटांत फिरवत राहिली. "तिला हॉस्पिटलात नेलंस तेव्हा मी घरीच होते. फ्रिजमध्ये दही होतं, बाबा. मी घातलंच नाही. तिला विचार ना, रागावलीय का."

"जुई, ही बाई मी लिहिलीय. ही आई नाही."

"माहितीये. तरी विचार."

 त्या बाईच्या तोंडून पराग जे बोलेल ते पोरगी जन्मभर उराशी धरणार होती. त्यानं हातातला कागद खाली ठेवला.

"ती नाही बोलणार. मी सांगतो. घरात दही द्यायचं ते तिनंच. तिला कुणी द्यायचं, हे मलाही सुचलं नाही. आणि दिलं असतं तरी ती परत आली नसती, बाळा. दुखणंच तसं होतं."

जुई रडली, नाक पुसलं, पुन्हा रडली. मग तिनं सोंगटी उचलून नकाशाच्या बाहेर ठेवली. परागचा जीव भांड्यात पडला.

"मी आले बाहेर," ती म्हणाली. "तू कधी येणार?"

"मी? मी कुठे खेळतोय?"

"आई गेल्यापासून रोज कामावरून आलास की दार लावून इथंच तर बसतोस."

परागची नजर खाली ठेवलेल्या कागदावरच्या दुसऱ्या नियमावर गेली, आणि खरी भीती त्याला तेव्हा वाटली.