निवळबाबाचं पाणी

रविवारी वाडीतली गोदामं बंद असतात. त्या रविवारी मात्र ट्रक लावायच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. हमाल, ड्रायव्हर, क्लीनर, त्यांच्या बायका. मधोमध टेबलावर काचेचे पेले, पेल्यांत नितळ पाणी आणि टेबलामागे पांढऱ्या झब्ब्यातला निवळबाबा. छातीतला धूर निवळून देतो म्हणून लोकांनीच त्याला हे नाव दिलं होतं.

"नर्मदामाईचं पाणी आहे," बाबा सांगत होता. "दिसते साधं, पण आतलं सारं ओळखते. फुंक गा."

माझ्या शेजारच्या खोलीतले देवाजीकाका पुढे झाले. पोती वाहून वाकलेला माणूस. बायको गेल्यापासून एकटेच राहतात. लेक मेघा पारशिवनीला सासरी असते, तिला सातवा महिना. नातवंड यायच्या आत बिडी सोडतो, असं त्यांनी तिला कबूल केलं होतं. त्यांनी पपईच्या देठाची नळी तोंडात धरून पाण्यात फुंकर सोडली. पाहता पाहता पाणी दुधासारखं झालं.

गर्दीनं हात जोडले.

"इतक्या वर्षांचा धूर," बाबा म्हणाला. "निघाला. आता ध्यान देऊन ऐक. यानंतर जो बिडी शिलगावते, त्याचा धूर लेकराबाळांवर जाते. मंग मले म्हणू नको."

त्याच संध्याकाळी काकांनी टपरीवर बिडी पेटवली.

मग भिंतीपलीकडे त्यांचा फोन नुसता वाजू लागला. वाजायचा, थांबायचा, पुन्हा वाजायचा. शेवटी मी त्यांचं दार ठोठावलं.

"काका, फोन काहून नाही उचलत?"

"मेघाचा आहे." ते भिंतीकडे पाहत होते. "माहा आवाजही तिच्यापर्यंत नको, प्रीती. मी वचन मोडलं. धूर तिच्यावर गेला तं?"

जगात त्यांना फोन करणारं तेवढं एकच माणूस होतं.

मी रसायनशास्त्राची पदवीधर, कळमेश्वरच्या एका कारखान्यात नमुने तपासते. पाणी पांढरं होताना शाळेतला एक प्रयोग आठवला होता, पण आठवणं म्हणजे पुरावा नव्हे. टपरीवरून पानाचा चुना आणला, पाण्यात ढवळला, गाळ बसू दिला आणि वरचं नितळ पाणी अलगद ओतून घेतलं. त्यात नळीनं फुंकलं. दूध. मी जन्मात बिडी ओढलेली नाही. फुंकतच राहिले, तर काही वेळानं ते दूध पुन्हा नितळ झालं.

या पाण्याला मराठीत नावच आहे: चुन्याची निवळी. लोकांनी बाबाचं नाव अगदी बरोबर ठेवलं होतं.

पुढच्या रविवारी काका बाबाची माफी मागायला गेले. मी सोबत होते. त्यांनी फुंकलं, पाणी पांढरं झालं.

"पाहा, पुन्हा भरला धूर," बाबा म्हणाला.

"बाबा, मी फुंकू?" मी नळी घेतली. पाणी पांढरं.

"बिडी पेतं काय वं?"

"कधीच नाही."

"मंग दुसऱ्याचा धूर गेला असन."

लोकांनी माना डोलावल्या. उत्तर हुशारीचं होतं. मी पिशवीतून सोड्याची बाटली काढली, सगळ्यांसमोर झाकण उघडलं आणि तिसऱ्या पेल्यात थोडा सोडा ओतला. तोही पांढरा.

"हा सोडा कोणती बिडी पेते, बाबा?"

मग मागून रुपराव ड्रायव्हर म्हणाला, "आता सोड्याचीही बिडी सोडवा, बाबा." हसू पसरत गेलं.

मी समजावून सांगितलं. सोड्यात जो वायू असतो, तोच प्रत्येकाच्या उच्छ्वासात असतो: कार्बन डायऑक्साइड. तो पेल्यातल्या चुन्याच्या निवळीत मिसळला की खडूसारखे बारीक कण तयार होतात; वायू फार झाला की ते पुन्हा विरघळतात. धुराचा इथे काही संबंध नाही.

"म्हणजे बाबानं चुना लावला गा आपल्याले," रुपराव म्हणाला. बाबा पेले गोळा करू लागला.

"पण माही तं सुटली," एक हमाल पुटपुटला.

"ती तुम्हीच सोडली, भाऊ," मी म्हटलं. त्याला ते फारसं आवडलं नाही.

परतताना काका म्हणाले, "तू बराबर केलं. पण आता मी कोणाच्या भरवशावर सोडू?"

"बिडी जास्त कधी आठवते?"

"सांच्याले. चहाच्या वेळी." थोडं चालून ते म्हणाले, "टपरीवर कोणी माह्यासंग बोलत नाही वं. फक्त 'माचिस आहे काय गा' म्हणते. बिडी सुटली तं तेवढंही कोणी नाही बोलणार."

याची तपासणी कुठल्या प्रयोगशाळेत करतात, मला ठाऊक नाही.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगते. धुरानं छातीचं नुकसान होतं हे खरं, पण ते पेल्यात फुंकून भरून येत नाही. चमत्कार दिसला की विचारा: ज्यानं कधी बिडी ओढली नाही, त्यानं फुंकलं तर? तलफ शाप नसते. ती ठरावीक वेळेला, ठरावीक जागी येते आणि थोडा दम धरला की ओसरते. ती वेळ कशानं भरायची, ते शोधा. जमलं नाही तर डॉक्टरकडे जा. एखाद्या दिवशी चुकलात, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा.

त्याच रात्री काकांनी मेघाला फोन लावला. आधी ती रडली, मग बराच वेळ भांडली. भिंतीतून ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी टपरीची वेळ झाली. माझ्याकडे गॅसचा लायटर आहे, चांगला चालतो. तरी मी चहाचं पातेलं हातात घेऊन शेजारचं दार वाजवलं.

"देवाजीकाका, माचिस आहे काय?"

त्यांनी सदऱ्याचा खिसा चाचपला.

"आहे," ते म्हणाले. "दोघांचा मांड."