दुधाच्या पट्टीवरचं लाल सोनं

मित्रांनो, मी एक जुना सोन्याचा कण आहे. जुना म्हणजे किती जुना, ते मलाच ठाऊक नाही. तुम्ही म्हणाल, सोनं कुठं म्हातारं होतं का? होतं बरं. गंजत नाही एवढंच. थकायचं तेवढं थकतं.

आणि मी पिवळाही नाही. मी लाल आहे. हसू नका. सोनं फार म्हणजे फारच बारीक केलं की ते डाळिंबाच्या रसासारखं लाल दिसतं. डोळ्यांनी मी एकटा कुणाला दिसायचो नाही. आम्ही लाखोंनी एका जागी उभे राहिलो, तरच आमची एक बारीकशी रेष दिसते.

पूर्वी मात्र मी पिवळाधमक होतो. पहूरच्या प्रमिलाबाईंच्या पोतीत मणी होतो. त्या भाकरी थापायच्या तेव्हा मी त्यांच्या गळ्याशी हलायचो, पिठानं माखायचो. लग्नाघरी बायका मला हातात धरून म्हणायच्या, "काय झळकतंय!" माझ्या कौतुकाचे दिवस तेच. पुढे लेकीच्या लग्नात नवा दागिना करायचं ठरलं आणि मी जळगावच्या सराफ बाजारात मोडीत गेलो. सराफानं मला काळ्या कसोटीवर घासलं. किती वेळा घासलं असेल मला आयुष्यात! दर नव्या हातात गेलो की आधी संशय, मग घासणं, मग किंमत. मग सोनं आटवणाऱ्या नूर महंमदचाचांनी मुशीत घालून मला वितळवलं. चाचा हाताचे फार हलके. आटवताना म्हणाले, "जा बेटा, अब कुछ और बन." म्हटलं, झालं, आता बांगडी नाही तर डूल.

कसली बांगडी! मी गेलो एका प्रयोगशाळेत. तिथल्या हितेंद्र सरांनी मला आम्लराजात विरघळवलं. हे असं तीव्र आम्ल आहे की सोन्याचंही पाणी करतं. मग त्यात दुसरं रसायन घालून उकळलं. द्रावण आधी फिकट झालं, मग काळसर, आणि बघता बघता लालभडक. एका मण्याचे आम्ही कोट्यवधी कण झालो. सरांनी आमच्या अंगावर एक प्रथिन चिकटवलं. त्याला एकच काम येतं, जनावराला टोचलेलं औषध दुधात उतरलं असेल तर ते घट्ट धरायचं. तेच आमचे हात. मग आम्हाला कागदाच्या अरुंद पट्टीवर सुकवलं आणि खोक्यात भरलं.

आता माझं काम नीट ऐका, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरूनच झाला. पट्टी दुधात बुडवली की आम्ही दुधाबरोबर वर सरकतो. वाटेत एका रेषेवर तेच औषध आधीच लावून ठेवलेलं असतं. दूध स्वच्छ असेल तर आमचे हात रिकामे असतात, म्हणून आम्ही तिथं धरून उभे राहतो आणि लाल रेष उमटते. दुधात औषध असेल तर आमचे हात वाटेतच भरतात. मग त्या रेषेवर थांबता येत नाही, आम्ही पुढे निघून जातो. पुढची दुसरी रेष मात्र नेहमीच उमटते, पट्टी चालली एवढंच ती सांगते. थोडक्यात, दोन रेषा म्हणजे दूध निर्मळ. एकच रेष म्हणजे दुधात औषध.

आमचं खोकं साक्रीजवळच्या एका गावातल्या दूध संकलन केंद्रावर आलं. तिथं हेमांगीताई नवीनच रुजू झाल्या होत्या. धुळ्याच्या, कामाला चोख, बोलायला गोड. पट्टी महाग, म्हणून सगळ्यांचं दूध रोज तपासत नसत. नवा माणूस आला की पहिले काही दिवस त्याचंच तपासायचं. तेव्हा नवीन होत्या कुंदाबाई. त्यांनी हौसेनं म्हैस घेतली होती आणि पहिल्यांदाच किटली घेऊन रांगेत उभ्या राहिल्या होत्या.

पहिल्या पट्टीवर दोन रेषा उमटल्या. ताईंचा चेहरा पडला.

"मावशी, दुधात औषध निघालं. घेता येणार नाही."

"ताई, मनी म्हैसले सुई टोचेलच नही! औषध कथाईन यी?"

"मी खोटं का सांगेन? ह्या बघा दोन रेषा. दोन म्हणजे आहे, एक म्हणजे नाही. करोनाच्या वेळी शिबिरात मी हेच काम केलंय."

अरे देवा! मी खोक्यात बसून ऐकत होतो आणि जीव नुसता तळमळत होता. खोक्यावर चित्र छापलेलं होतं, पण हातचं काम असलं की चित्र कोण बघतं? आणि मला तोंड कुठाय बोलायला?

दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन रेषा. ताई म्हणाल्या, "मावशी, उद्याही हेच आलं तर तुमचं नाव कमी करावं लागेल." रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आणि कुंदाबाई बोलू नये ते बोलून गेल्या.

"मनी जाऊनंच काई चारं व्हई! गोठा एकच शे. मी म्हैस लिन्ही ते तिना डोयामा खुपस."

म्हशीला काहीतरी चारल्याचा आळ जिच्यावर आला, ती धाकटी जाऊ ज्योती तिथं नव्हती. पण गावात शब्दाला पाय फुटायला कितीसा वेळ लागतो?

तिसऱ्या सकाळी रांगेत कुंदाबाईंच्या पुढं जुने दूध घालणारे धनसिंग आबा उभे होते. त्यांनी आपण होऊन दूध तपासायला सांगितलं. पट्टीवर एकच रेष आली.

"आबा, एकच रेष. दूध चांगलं आहे, ओता."

आबांनी किटली उचललीच नाही. "असं कसं, ताई? मनी म्हैसना थान सुजेल शे. डाक्टरनी कालदिन सुई दिन्ही. दूध देवानं नही, असं त्याच सांगी गया. मी ते नुसतं दखाले उनू."

मागून कुणीतरी हसलं, "आबा, ओती टाका ना! ताईच सांगी ऱ्हायनी!"

"नही रे भो. पोऱ्यासोऱ्यास्ना पोटमा जाई ते."

हेमांगीताई त्या एका रेषेकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी खोक्यातून मला काढलं आणि कुंदाबाईंच्या दुधात बुडवलं. मित्रांनो, इतकं निर्मळ दूध होतं ते! माझे हात रिकामेच राहिले. मी पहिली रेष घट्ट धरली आणि लाखो भावंडांसोबत उभा राहिलो. दोन रेषा उमटल्या.

ताईंनी खोक्यावरच्या नंबरावर फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. पलीकडून माझे हितेंद्र सर बोलले, "ताई, इथं उलटं असतं. दोन रेषा म्हणजे दूध स्वच्छ. खोक्यावर चित्र आहे बघा."

आबा आपली किटली घेऊन मुकाट घरी निघाले. ताईंनी भर रांगेत हात जोडले. "मावशी, चूक माझी. तुमचं दूध पहिल्या दिवसापासून चांगलं होतं."

मला वाटलं, आता कुंदाबाई भांडतील. त्या भांडल्या नाहीत. हळूच म्हणाल्या, "ताई, मी ते दूध नातूले बी नही पाजं. जहर शे म्हनीसन गटारमा ओती दिन्हं." मग मला मागून घेतलं आणि पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं. किती वर्षांनी मी पुन्हा एका बाईच्या अंगावर होतो!

घरी जाऊन त्या तडक ज्योतीच्या दारात उभ्या राहिल्या. गाठ सोडली. "ज्योती, दोन रेषा शेतस. दूध चांगलं व्हतं. दख."

ज्योतीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मले पट्टी कशाले दखाडस, अक्का? बठ्ठा गावले सांगाना पहिले मले इचारी लेती."

कुंदाबाई उंबऱ्यावर मटकन बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. ज्योती आत गेली आणि पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यापुढे ठेवला. पण अजूनही ती त्यांच्याशी फारसं बोलत नाही.

मी सध्या कुंदाबाईंच्या आरशाच्या चौकटीत खोचलेला आहे. रेषा फिकट झाल्या आहेत. पुन्हा वापरता येईल असा मी नाही, आणि खरं सांगायचं तर आता माझ्यात त्राणही नाही. जन्मभर लोकांनी मला कसोटीवर घासलं, आणि म्हातारपणी मलाच कसोटी केलं. त्याचं दुःख नाही. मित्रांनो, तुमच्या हातात माझ्यासारखी एखादी पट्टी आली, तर आधी खोक्यावरचं चित्र बघा. आणि पट्टीनं काहीही सांगितलं, तरी कुणाचं नाव घेण्याआधी त्या माणसाच्या दारात जा, त्याला विचारा. दूध दुसऱ्या दिवशी पुन्हा निघतं. ज्योती मात्र अजून कुंदाबाईंच्या चुलीपाशी येऊन बसत नाही. सकाळी कुंदाबाई वेणी घालायला आरशापुढे उभ्या राहतात, तेव्हा त्यांचं लक्ष आधी माझ्याकडे जातं आणि मग दाराकडे.