जायला आठ तास, यायला तीन

तिकिटं छापणाऱ्या साहेबांनो, तुम्ही माणसांना घाबरवता. विमान सुटण्याची वेळ इथल्या घड्याळाची छापता, पोचण्याची तिथल्या घड्याळाची, आणि मधला फरक गिळून बसता. हे मी तोंडावर सांगतो.

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे. पुठ्ठ्याच्या चेंडूवर कागदाच्या निमुळत्या पट्ट्या डकवून मला एका म्हाताऱ्या कारागिराने घडवलं. समुद्रावर सुरकुती पडू नये म्हणून तो ओल्या बोटांनी मला चोळत बसे. त्याचे उपकार फिटायचे नाहीत. पुढे विमानाची तिकिटं विकणाऱ्या एका छोट्या दुकानात आलो. दुकानातल्या ताई माझ्यावर दोरा ताणून गिऱ्हाइकांना अंतर दाखवत. मग टेबलावर संगणक आला आणि माझी रवानगी कपाटाच्या डोक्यावर झाली. धूळ खाल्ली. पण ताई अधूनमधून फडकं मारत. तेवढं तरी हल्ली कोण करतं?

एका दुपारी एक मावशी तिकीट रद्द करायला आल्या. सोबत त्यांचे यजमान, काका. पूर्वेकडच्या शहरात त्यांची लेक बाळंत व्हायची होती, जवळ दुसरं कोणी नव्हतं. पण मागे मावशींच्या पायात रक्ताची गाठ झाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा तासांच्या वर विमानात बसायचं नाही.

"दहाला सुटतं, संध्याकाळी सहाला पोचतं. आठ तास झाले की," मावशी म्हणाल्या. "येताना मात्र दहाला निघून एकला इथं. तीनच तास."

"जाताना चढ असेल," काका म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. लेकीला काय सांगू ते सुचवा आधी."

ताईंनी संगणक त्यांच्याकडे वळवला. "मावशी, साडेपाच तास लागतात. चार हजार किलोमीटर तर आहे."

"मग हे छापलंय ते काय? कागद सांगतो एक, संगणक सांगतो दुसरं. पाय माझा जायचाय."

तेव्हा ताईंनी मला खाली काढलं, खिडकीतल्या उन्हात धरलं आणि हळूच फिरवलं. लेकीचं शहर आधी उजेडात आलं, आपलं मागून.

"तिथं अडीच तास आधी उजाडतं. तुम्ही इथून दहाला निघता, तेव्हा लेकीच्या घड्याळात साडेबारा झालेले असतात. साडेबारा ते सहा किती?"

मावशींनी बोटं मोजली. "साडेपाच." मग म्हणाल्या, "आणि जाताना गेलेले अडीच येताना परत मिळतात?"

"सगळेच्या सगळे."

"म्हणजे चढ नाही," काका पुटपुटले.

"चढ तुमच्या डोक्यात आहे."

मावशींनी आपल्या शहरावर अंगठा टेकवला आणि लेकीच्या शहरावर करंगळी. पुरती वीतही लागली नाही. त्यांनी तिकीट पर्समध्ये ठेवलं. पुढे एक दिवस दुकानातला फोन वाजला आणि नातीचं रडणं कपाटापर्यंत ऐकू आलं. मला आणखी काय हवं?

मित्रांनो, घरात एखादा जुना गोल असेल तर पुसत जा, फिरवत जा. आणि साहेबांनो, या मावशी विचारायला तरी आल्या. ज्या घरीच वजाबाकी करून जाणं रद्द करतात, त्यांच्या लेकींना तुम्ही काय सांगणार आहात? बोला.